कोयना ते वडखळ : भूकंपगणिताच्या गृहीतकांचा इतिहास

१

मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या दक्षिणेस वडखळ लागते. येथून एक रस्ता धरमतरच्या खाडीवरून अलिबागकडे वळतो आणि दुसरा नागोठणे, कोलाड, महाड करीत तळकोकणात उतरतो. पूर्वेस सह्याद्रीच्या सोंडा, पश्चिमेस अंबा नदीचे खाडीमुख, आणि या दोहोंमध्ये खारबंदिस्ती घालून समुद्रापासून हिरावून घेतलेली भातशेती, असे या गावाचे भूगोल-लक्षण सांगता येईल. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या महसुली दप्तरांत शिलोत्री म्हणून ज्या जमिनींचा निर्देश येतो, त्या याच प्रकारच्या होत. खाडीच्या गाळावर पिढ्यान्‌पिढ्या बांध राखून माणसाने ही भूमी घडविली. आज त्याच भूमीच्या कडेने डोलवीचा पोलाद कारखाना उभा आहे, आणि नाक्याच्या दोन्ही अंगांस बहुमजली इमारती उठत आहेत.

अशी एखादी इमारत उभी राहण्यापूर्वी तिचा सांगाडा संगणकाच्या पडद्यावर उभा राहतो. अभियंता खांब, तुळया आणि मजले यांची मापे भरतो. भूकंपक्षेत्र कोणते, इमारतीचे महत्त्व किती आणि पायाखालची जमीन कोणत्या वर्गातील, हेही भरतो. आणि काही क्षणांत आज्ञावली प्रत्येक खांबावर येणारे बल सांगते. या सर्व प्रक्रियेत जमिनीच्या वाट्याला येतो तो एकच आकडा : एक, दोन किंवा तीन. कठीण खडक असल्यास एक, मध्यम जमीन असल्यास दोन, मऊ जमीन असल्यास तीन. शिलोत्रीचा सारा इतिहास या एका आकड्यात सामावतो, आणि तो आकडा चुकला तर पुढील गणित कितीही अचूक असले तरी ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचे गणित ठरते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा आकडा आणि त्याच्यासारखी इतर गृहीतके हा होय. भूकंप समजून घेण्यासाठी आणि तो सोसणाऱ्या इमारती रचण्यासाठी गणनयंत्राचा उपयोग कसा वाढत गेला, याचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. येथे तो गृहीतकांचा इतिहास म्हणून मांडण्याचा प्रयत्न केला आहे. या दृष्टीने महाराष्ट्राइतकी बोधप्रद भूमी क्वचितच सापडेल. कारण या विद्येतील एक अत्यंत महत्त्वाचा लेख, लेख या शब्दाच्या अक्षरशः अर्थाने, सातारा जिल्ह्यात लिहिला गेला आहे.

२

भूकंपाचे बल आकड्यांत बसविण्याची पहिली पद्धत फार साधी होती. इटलीत मेसिना येथे १९०८ साली झालेल्या संहारानंतर तेथील अभियंत्यांनी, इमारतीच्या वजनाचा एक ठरावीक अंश आडव्या दिशेने लावून इमारत तपासावी, असा नियम सुचविला. जपानात सानो यांनी हाच विचार 'भूकंप-गुणांक' या रूपाने मांडला. आपल्याकडे रेल्वेतील अभियंते एस. एल. कुमार यांनी बलुचिस्तानातील भूकंपांच्या अनुभवावरून १९३३ साली भूकंपरोधक बांधकामाचा आणि धोक्याच्या क्षेत्रांचा विचार प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, क्वेट्टा शहर उद्ध्वस्त झाले. आणि कुमार यांच्या विचाराचे मोल सर्वांच्या ध्यानी आले.

या पद्धतीला यंत्राची गरज नव्हती. वजनाचा विसावा किंवा दहावा भाग काढण्यास कागद-पेन्सिल पुरेशी असते. परंतु तिच्या पोटात एक मोठे गृहीतक दडलेले होते. इमारत ही एक ताठ वस्तू आहे आणि ती पायापासून शेंड्यापर्यंत सारख्याच जोराने हलते, असे ती मानून चालते. प्रत्यक्षात इमारत ही वेतासारखी डोलते. प्रत्येक बांधकामाचा स्वतःचा एक दोलनकाल असतो, आणि जमिनीच्या हालचालीत त्या दोलनकालाशी जुळणारी स्पंदने असतील तर शेंडा पायापेक्षा कितीतरी अधिक झोके खातो. हा विचार बिओ यांनी १९३०च्या दशकात 'प्रतिसाद-पट' या कल्पनेतून मांडला आणि पुढे हाउस्नर यांनी तो रूढ केला. कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो येथे १९४० साली मिळालेला त्वरणालेख हा या गणिताचा कित्येक वर्षे मुख्य आधार राहिला. अशा एका आलेखावरून एका साध्या दोलकाचा प्रतिसाद हाताने काढणे हे अत्यंत कष्टाचे काम होते. मग शेकडो सांध्यांच्या बांधकामाचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९५९ मध्ये न्यूमार्क यांनी असे गणित पावलापावलाने सोडविण्याची रीत दिली. १९६० मध्ये क्लफ यांनी 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रूढ केले : एखादी सलग वस्तू लहान लहान तुकड्यांत विभागावी, प्रत्येक तुकड्याचे वर्तन साध्या समीकरणांनी लिहावे, आणि मग सर्व समीकरणे एकत्र सोडवावीत. ही दोन्ही कामे संगणकावाचून निरर्थक होती. येथे हे नमूद करावयास हवे की, याच सुमारास आपल्या देशातही दोन गोष्टी घडत होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. आणि त्याच वर्षी रुडकी येथे प्राध्यापक जय कृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप-अभियांत्रिकीचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. १९६२ मध्ये भारतीय मानक १८९३ ची पहिली आवृत्ती निघाली. यंत्र, विद्या आणि नियम ही तिन्ही अंगे अशा रीतीने दोन-तीन वर्षांच्या अंतराने सिद्ध झाली. उणीव होती ती आपल्या भूमीवरील प्रबळ भूकंपाच्या यंत्रलिखित पुराव्याची.

३

तो पुरावा सोमवार, दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मिळाला.

कोयना धरण हे रबल काँक्रीटचे, सुमारे १०३ मीटर उंचीचे भारस्थायी धरण. स्वतःच्या वजनाने पाण्याचा रेटा थोपवून धरणे हा त्याच्या रचनेचा मूलमंत्र. त्याच्या संकल्पनाच्या वेळी भूकंप-गुणांक ०·०५ एवढा, म्हणजे वजनाच्या विसाव्या भागाइतका, धरला होता. दख्खनचे पठार हे पृथ्वीच्या अतिप्राचीन व स्थिर अशा ढालीचा भाग आहे, येथे मोठा भूकंप संभवत नाही, ही त्या काळच्या शास्त्राची सर्वमान्य समजूत होती. मानकाच्या पहिल्या नकाशांतही हा प्रदेश अल्पतम धोक्याचाच मानलेला होता. तेव्हा विसावा भाग धरणे ही, त्या काळाच्या दृष्टीने पाहता, हलगर्जी नव्हे, उलट सावधगिरीच म्हणावी लागेल.

जलाशयात १९६० नंतर पाणी भरू लागले आणि लवकरच त्या परिसरात लहान लहान धक्के व जमिनीखालील गुरगुर जाणवू लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने तेथे भूकंपलेखक बसविले. धरणाच्या अंतर्भागातील मार्गिकेत, १-अ या खंडात, एक प्रबळ-गती त्वरणलेखकही ठेवण्यात आला होता. हा यंत्रठेवा योगायोगाचा नव्हता. धक्क्यांची नोंद घेणाऱ्यांनी ती काळजी वाहिली होती, म्हणूनच पुढील सर्व अभ्यास शक्य झाला.

११ डिसेंबरच्या भूकंपाचे परिमाण सुमारे ६·५ मानले जाते. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली. दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाली. धक्का मुंबई, पुणे व गोव्यापर्यंत जाणवला. मार्गिकेतील यंत्राने प्रकाशसंवेदी कागदावर जी रेघ ओढली तिच्यावरून धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्व-त्वरणाच्या सुमारे ०·६३ पट, आणि तिच्याशी काटकोनात, म्हणजे पाण्याच्या रेट्याच्या दिशेने, सुमारे ०·४९ पट इतके कमाल त्वरण निघाले. ०·०५ आणि ०·४९ हे आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे गृहीतक व वास्तव यांतील अंतर दिसते. अर्थात एक क्षणभर पोहोचलेले शिखर आणि संकल्पनात सतत लावलेला गुणांक यांची सरळ तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. तरीही अंतर मोठे होते, याविषयी वाद नाही.

धरण उभे राहिले. परंतु सर्वांत उंच अशा खंडांत, पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, दोन्ही अंगांस आडवे तडे गेले. तडे तळाशी न जाता इतक्या उंचीवर का जावेत? जुन्या गुणांक-पद्धतीने हिशेब केला तर तेथे चिंतेचे कारणच दिसत नव्हते.

४

या प्रश्नाचे उत्तर संगणकाने दिले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी कोयना धरणाच्या छेदाचे फायनाइट एलिमेंट पद्धतीने तुकडे पाडले, त्याच्या पायाशी कोयनेचाच त्वरणालेख लावला, जलाशयाच्या पाण्याचा परिणाम जमेस धरला, आणि क्षणाक्षणाला धरणात निर्माण होणारी प्रतिबले काढली. त्यांचे अहवाल व निबंध १९७१ ते १९७३ या काळात प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा की, धरणाच्या खालच्या बाजूच्या उताराची रेषा जेथे एकदम बदलते, तेथे काँक्रीटच्या सामर्थ्याहून कितीतरी अधिक ताण निर्माण झाला होता. आणि तडे नेमके त्याच पातळीवर होते. धरणाचा माथा डोलत होता, आणि तो जेथे धडाशी जोडलेला होता तेथील 'मानेवर' सारा भार आला होता. ताठ वस्तूचे गृहीतक धरून ही मान कधीच दिसली नसती.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून अधिक रस वाटेल तो त्या उताराच्या मोडणीत. धरण टप्प्याटप्प्याने बांधावयाचे मूळ योजनेत होते. परंतु बांधकाम चालू असतानाच ते अधिक उंचीचे करण्याचा निर्णय झाला. त्या निर्णयामुळे छेदाला नेहमीच्या धरणांहून वेगळा असा आकार आला. म्हणजे १९६७ च्या पहाटे काँक्रीटमध्ये जी रेषा उमटली, ती त्यापूर्वी कागदावर झालेल्या एका प्रशासकीय निर्णयाच्या रेषेवरून गेली. वाढत्या विजेच्या मागणीच्या काळात तो निर्णय अयोग्य होता, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु बांधकामाच्या आकारात निर्णयांचा इतिहास साठलेला असतो आणि भूकंप तो वाचून दाखवितो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे उंच खंडांना मागील बाजूने टेकू देऊन १९७०च्या दशकाच्या आरंभी धरण बळकट करण्यात आले. सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण २००६ च्या सुमारास पूर्ण झाले. मानकाच्या १९७० च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. नकाशा बदलला, पण तो भूकंपाच्या आधी नव्हे, नंतर बदलला.

कोयनेचा त्वरणालेख मात्र सातारा जिल्ह्यातून निघून जगभर गेला. काँक्रीटमध्ये तडा कसा जन्मतो व कसा पसरतो, यांविषयीचे नवे गणिती नमुने मांडणाऱ्या संशोधकांनी, उदाहरणार्थ १९९८ मध्ये ली व फेन्व्हेस यांनी, आपल्या पद्धतीची कसोटी म्हणून कोयना धरणच घेतले. 'अबॅकस' या जगप्रसिद्ध आज्ञावलीच्या उदाहरण-संग्रहातही हे धरण आहे. महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्या कागदपत्रांत इतक्या वेळा प्रत काढलेला दुसरा दस्तऐवज क्वचितच असेल. आणि दस्तऐवजाला लागू पडणारे सर्व प्रश्न त्यालाही लागू पडतात : तो कोणी, कोठे, कशाने लिहिला? तो मोकळ्या जमिनीवर नव्हे, तर धरणाच्या पोटातील मार्गिकेत लिहिला गेला; म्हणून त्यात जमिनीबरोबर धरणाचाही आवाज काही अंशी मिसळला असण्याचा संभव आहे. रेघेचे आकड्यांत रूपांतर करताना कोणती दुरुस्ती केली, यावरही त्याचे वाचन अवलंबून राहते. मोडी कागदाचे लिप्यंतर करणाऱ्यास ही अडचण अपरिचित नाही.

५

कोयनेनंतरचा काळ हा आज्ञावल्यांच्या वाढीचा काळ होय. बर्कलीतच विल्सन यांनी १९७० मध्ये 'सॅप' या नावाची आज्ञावली सिद्ध केली. तिच्याच परंपरेतून बहुमजली इमारतींसाठी 'इटॅब्स' निघाली. मातीच्या थरांतून भूकंपलहरी वर येताना त्यांत काय फरक पडतो, हे काढणारी 'शेक' ही आज्ञावली १९७२ ची. पुढे 'स्टॅड' आली, आणि घरगुती संगणक स्वस्त झाल्यावर जिल्ह्याच्या गावीही अभियंत्यांच्या मेजावर अशी साधने दिसू लागली. जे गणित १९६७ मध्ये केवळ मोठ्या विद्यापीठांना साध्य होते, ते आज पेण किंवा रोह्यातील तरुण अभियंता एका दुपारी करतो. हा लाभ लहान नाही, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

तथापि या लाभाच्या मर्यादा दोन घटनांनी दाखवून दिल्या. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारी येथे भूकंप झाला. परिमाण ६·२ च्या आसपास, म्हणजे कोयनेहून थोडे कमीच. परंतु मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. मातीच्या चिखलात रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. ती कोणत्याही संगणकात कधी भरली गेलीच नव्हती. तेथे आवश्यक होते ते साधे ज्ञान : भिंतीच्या आरपार जाणारे बांधीव दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा सलग पट्टा, आणि हलके छप्पर. आणि किल्लारीचा प्रदेशही त्या वेळच्या नकाशावर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, क्षेत्रातच होता. कोयनेचा धडा केवळ कोयनेपुरताच शिकला गेला होता, असे खेदाने म्हणावे लागते.

दुसरी घटना दिनांक २६ जानेवारी २००१ ची. कच्छमधील भूकंपाने सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. खालचा मजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, अशी त्यांतील पुष्कळ इमारतींची रचना होती. गणितात बहुधा भिंती धरलेल्या नसत. केवळ सांगाडा मोजला जाई. कागदावर सर्व मजले सारखे दिसत, प्रत्यक्षात वरचे ताठ आणि खालचा लवचीक असे. कोयनेच्या मानेसारखीच येथेही एक मान होती, फक्त ती पायाशी होती. मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत अशा मोकळ्या मजल्याचे खांब व तुळया अडीच पट बलासाठी रचाव्यात, असा नियम आला. त्याच आवृत्तीत पहिले क्षेत्र रद्द झाले, आणि देशात 'निर्धोक' असा प्रदेश नकाशापुरता तरी उरला नाही.

६

आता पुन्हा वडखळकडे वळू. त्या आवृत्तीप्रमाणे मुंबई तिसऱ्या क्षेत्रात येते आणि कोयना चौथ्या. वडखळ मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर, तर कोयनेपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, या दोहोंच्या दरम्यान आहे. कच्छचा भूकंप कोयनेच्या भूकंपाहून कितीतरी प्रबळ होता, त्यामुळे अहमदाबादशी थेट तुलना करता येत नाही. परंतु दूरचा भूकंप मऊ जमिनीवर जवळ येतो, हे तत्त्व दोन्हींकडे सारखेच आहे. १९८५ मध्ये मेक्सिको शहर साडेतीनशे किलोमीटर दूरच्या भूकंपाने हादरले, ते ते शहर जुन्या सरोवराच्या चिखलावर वसले होते म्हणून.

मानकातील सूत्राने हे लहानशा गणितात दाखविता येते. भिंतींचा विचार न करता केवळ काँक्रीटच्या सांगाड्यासाठी, ३० मीटर उंचीच्या इमारतीचा दोलनकाल सुमारे ०·९६ सेकंद येतो. अशी इमारत कठीण खडकावर असेल तर प्रतिसादाचा गुणक सुमारे १·०४, मध्यम जमिनीवर १·४२ आणि मऊ जमिनीवर १·७४ येतो. अर्थात तीनच्या जागी एक लिहिले, तर इमारत आवश्यक बलाच्या सुमारे साठ टक्के बलासाठीच रचली जाते. यंत्र कोणताही इशारा देत नाही. त्याच्या दृष्टीने एक हा आकडाही तितकाच वैध असतो.

दुसरे उदाहरण केवळ कल्पनेचे, पण उद्‌बोधक आहे. मातीच्या थराचा स्वतःचा दोलनकाल थराच्या जाडीच्या चौपटीस लहरींच्या वेगाने भागून मिळतो. खाडीकाठच्या मऊ चिकणमातीचा थर १५ मीटर जाड आणि त्यातील आडव्या लहरींचा वेग सेकंदाला १०० मीटर मानला, तर दोलनकाल ०·६ सेकंद येतो. पाच मजली, १५ मीटर उंचीच्या सांगाड्याचा दोलनकाल वरील सूत्राने ०·५७ सेकंद येतो. जमीन आणि इमारत एकाच लयीत डोलू लागण्यास आणखी काय हवे? वडखळच्या एखाद्या विशिष्ट जागेवर थर किती जाड आहे, हे तेथे छिद्र पाडून पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. आणि नेमका हाच मुद्दा आहे. खाडीकडील खार आणि डोंगराच्या पायथ्याचा खडक यांत येथे थोडक्याच पावलांचे अंतर असते. शेजारच्या इमारतीचा जमीन-अहवाल आपल्या इमारतीस लावणे म्हणजे एका गावची जमाबंदी दुसऱ्या गावास लावण्यासारखे होय.

कोकणाच्या या पट्ट्याची भूरचनाही अगदीच निःशंक नाही. पनवेल परिसरातून किनाऱ्याला समांतर जाणारा, लाव्हाचे थर पश्चिमेकडे वाकविणारा मोठा बाक भूवैज्ञानिकांस परिचित आहे. पालीजवळचे उन्हेरे व महाडजवळचे सव येथील उष्ण झरे याच पट्ट्यात येतात. उत्तरेस भातसा जलाशयाच्या परिसरात १९८३ मध्ये, आणि पालघर जिल्ह्यात डहाणूच्या बाजूस २०१८ च्या अखेरीपासून, धक्क्यांच्या मालिका झाल्या. यावरून भाकीत करता येत नाही. कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून, बेसाल्टच्या थरांखालील ग्रॅनाइटी खडकापर्यंत पोहोचल्यानंतरही भूकंपाची वेळ सांगण्याचा दावा कोणी शास्त्रज्ञ करीत नाही.

७

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचे स्वतःचे उत्तरदायित्व सुरू होते. कोयनेच्या दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, कॉर्नेल यांनी भूकंपाच्या धोक्याचे संभाव्यता-गणित मांडले. आज क्षेत्रनिर्धारणाच्या अभ्यासात त्याच पद्धतीच्या आज्ञावल्या वापरल्या जातात. त्यांचे खाद्य म्हणजे पूर्वी झालेल्या भूकंपांची सूची. यंत्रलिखित नोंदी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच, कुलाबा वेधशाळेसारख्या मोजक्या ठिकाणी, सुरू होतात. त्यापूर्वीचे सारे इतिहासाच्या साधनांवर अवलंबून आहे. थॉमस ओल्डहॅम यांनी तयार केलेली भारतीय भूकंपांची सूची १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती अशाच वृत्तांतांवरून सिद्ध झालेली होती.

या सूच्यांतील १६१८ सालच्या मे महिन्यातील मुंबईची नोंद प्रसिद्ध आहे. दोन हजार माणसे दगावली आणि अनेक गलबते बुडाली, असा वृत्तांत असून त्यात वादळ व भूकंप यांची सांगड घातलेली आढळते. काही सूच्यांत या घटनेला मोठ्या भूकंपाचे परिमाणही बहाल करण्यात आले. परंतु पावसाळ्याच्या तोंडी, समुद्रकाठी, गलबते बुडविणारी घटना ही मुख्यतः चक्रीवादळच असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि प्रस्तुत लेखकाचेही मत तेच आहे. हा केवळ पंडिती वाद नव्हे. ही नोंद भूकंप म्हणून धरली तर मुंबई-रायगडच्या धोक्याचा आकडा चढतो. वगळली तर उतरतो. चारशे वर्षांपूर्वीच्या एका वृत्तांताचे वाचन अशा रीतीने वडखळच्या नाक्यावरील खांबातील लोखंडापर्यंत येऊन पोहोचते.

म्हणून दोन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. एक, ११ डिसेंबर १९६७ चा धक्का जुन्या कुलाबा जिल्ह्यात कोठे किती जाणवला, याच्या नोंदी अद्याप गोळा करता येतील. शाळांची दप्तरे, देवस्थानांच्या डागडुजीचे हिशेब, ग्रामपंचायतींची इतिवृत्ते आणि त्या पहाटे जागे झालेल्या वृद्धांच्या आठवणी ही ती साधने होत. खारीतील गावांत धक्का अधिक जाणवला की डोंगरपायथ्याच्या गावांत, एवढे जरी निश्चित झाले तरी जमिनीच्या त्या एका आकड्यास आधार मिळेल. ही साधने वर्षागणिक कमी होत आहेत. १९६७ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे.

दुसरी सूचना बांधकामाशी निगडित असली तरी मुळात दप्तराविषयीची आहे. इमारतीच्या नकाशाबरोबर तिच्या गणिताचे बाडही सादर होते, पण त्या गणितात जमिनीचा वर्ग कोणी ठरविला, कोणत्या छिद्राच्या नोंदीवरून ठरविला आणि ते छिद्र नेमके कोठे पाडले, हे बाडाच्या पहिल्याच पानावर नावानिशी लिहिलेले असावे. कोयनेच्या ०·०५ या आकड्यामागे कोणती समजूत होती, हे आज आपणांस सांगता येते, कारण त्याची कागदपत्रे राहिली आणि त्यांवर चर्चा झाली. वडखळला उद्या एखादी इमारत तडकली, तर तिच्या रचनेत लिहिलेला एक, दोन किंवा तीन हा आकडा कोठून आला, हे शोधू पाहणाऱ्यास निदान तेवढा तरी कागद सापडला पाहिजे.